कोसरीचा मंगळवार

सहाही सदस्यांचे हात एकाच वेळी वर गेले, तेव्हा तृप्ती गावंडेला आनंद व्हायला हवा होता. तिला आला तो संशय.

राज्य मतदारसंघ पुनर्रचना मंडळाच्या बैठका दोन वर्षं चालू होत्या. तीन सदस्य सत्ताधारी बाजूचे, तीन विरोधी बाजूचे, आणि मधल्या खुर्चीवर निवृत्त न्यायमूर्ती देवपुजारी, ज्यांना मताचा अधिकार नव्हता. या दोन वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत फक्त एकदा झालं होतं, सभागृहातला एसी बदलायचा म्हणून. तेव्हाही कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर भांडण झालंच. आज राज्याचा अंतिम नकाशा पडद्यावर आला आणि एकही प्रश्न न विचारता मंजूर झाला. सत्ताधारी बाजूचे भाऊराव डहाके उठले आणि त्यांनी विरोधी बाजूच्या अ‍ॅडव्होकेट श्रीरंग मोहोडांना पेढा भरवला. फोटोवाल्याला नीट मिळाला नाही, म्हणून पुन्हा भरवला.

"मॅडम, तुम्हीही घ्या," डहाके म्हणाले. "यंत्र तुमचं, पेढा आमचा."

तृप्ती मंडळाची तांत्रिक सचिव होती. नकाशा राजपत्रात छापून येण्याआधी त्यावर तिचं प्रमाणपत्र लागायचं. मोजणी स्वच्छ झाली, तिच्यात कोणी ढवळाढवळ केली नाही, एवढं तिनं लिहून द्यायचं. ते काम आता औपचारिक उरलं होतं. तिनं पेढा घेतला, कागदी बशीत ठेवला आणि नागपूरच्या त्या थंडगार सभागृहातून सरळ आपल्या खोलीत गेली.

यंत्र तिचं होतं हे खरंच. संख्याशास्त्राची प्राध्यापकी सोडून ती या कामाला आली होती ती एका संतापापायी. पूर्वी ज्याची सत्ता त्याच्या हाती पेन्सिल असायची. मतदारांनी आमदार निवडायचा की आमदारानं मतदार निवडायचे, हा प्रश्न पेन्सिलवाला आपल्या सोयीनं सोडवायचा. मतदारसंघाला शेपूट काढून कुठलीतरी वस्ती त्यात ओढायची, नको त्या गावांचे तुकडे करायचे. यावर उपाय म्हणून हे दोन्ही बाजूंचं मंडळ आलं. पण दोघांच्या हाती अर्धी अर्धी पेन्सिल दिल्यानं काय साधणार, असं तृप्तीचं म्हणणं होतं. पेन्सिल कुणाच्याच हाती नको. म्हणून यंत्र.

यंत्राचं काम दोन टप्प्यांत चालायचं. पहिला टप्पा मोजणीचा. कायद्यात लिहिलं होतं की एकत्र नांदणारे लोकसमूह शक्यतो तोडू नयेत. पण एकत्र नांदणारे म्हणजे कोण? जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, मत तर नाहीच नाही. तालुक्यांच्या सीमा जुन्या काळी महसूल गोळा करणाऱ्यांनी आपल्या सोयीनं आखलेल्या. तृप्तीनं उत्तर दिलं, आठवडी बाजार. शहरात घरपोच सामान आणणारे ड्रोन घिरट्या घालू लागल्याला बरीच वर्षं झाली होती, तरी विदर्भातल्या गावांनी आपला बाजाराचा दिवस सोडला नव्हता. जी गावं एका बाजाराला जातात, ती एकमेकांना ओळखतात. सोयरीक तिथे जुळते, बैलाचा भाव तिथे कळतो, कुठला डॉक्टर खरा आणि कुठला लबाड तेही तिथेच.

मोजायचं कसं, तेही सोपं होतं. माणसाचा मोबाइल दिवसभर जवळच्या टॉवरला हाक देत असतो. त्या हाकांमधून नाव, नंबर सगळं पुसायचं. कुणाचाही माग काढता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम थोडे खोटे आकडे मिसळायचे. मग उरतो तो फक्त ओघ, या गावाकडून त्या गावाकडे. लोक नुसते भटकत असते तर किती जण इथून तिथे गेले असते, याचा हिशेब संगणक करतो आणि त्याहून जास्त जिथे जातात तिथे दोन गावांमध्ये एक धागा धरतो. जाड धाग्यांनी बांधलेली गावं म्हणजे एक बाजारगट. तो तोडायचा नाही.

दुसरा टप्पा पत्ते पिसण्याचा. कुठलाही एक नकाशा घ्यायचा आणि त्यात बारीकसा बदल करायचा, एक गाव इकडून तिकडे. लोकसंख्या सारखी राहिली आणि बाजारगट शाबूत राहिले तर बदल ठेवायचा, नाहीतर मागे घ्यायचा. असं कोट्यवधी वेळा. त्यातून लाखो नकाशे निघतात, सगळे नियमात बसणारे, आणि त्यातला सर्वांत सुटसुटीत नकाशा मंडळापुढे जातो. कोण कुणाला मत देतं हे यंत्राला ठाऊकच नसतं. नकाशा काढणाराच आंधळा असेल तर तो पक्षपात करणार कसा?

आणि आणखी एक. तृप्तीचा हट्ट होता की यातलं काहीही लपवायचं नाही. पद्धत, सूत्र, मोजणीचा काळ, सगळं वर्षभर आधी जाहीर करायचं. दसऱ्यापासूनचे तीन महिने मोजणी होणार, हे तिनं स्वतः तालुक्या-तालुक्यांत जाऊन सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

खोलीत येऊन तिनं नकाशावर कोसरी शोधली. कोसरी तिचं माहेर. यवतमाळकडच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं ते गाव नकाशावर शोधायला तिला कधी वेळ लागला नव्हता, कारण दोन वर्षांपूर्वीच्या चाचणी मोजणीत तिथे राज्यातली सर्वांत जाड गाठ दिसली होती. आसपासच्या सगळ्या गावांचे धागे मंगळवारी कोसरीला येऊन मिळायचे.

ती गाठ आता नव्हतीच. अर्धी गावं पूर्वेला धानोऱ्याकडे गेली होती, अर्धी पश्चिमेला वारखेडकडे. मधून मतदारसंघाची सीमा गेली होती, थेट बाजाराच्या मैदानावरून.

दुपारभर तिनं यंत्र तपासलं. टॉवरची नोंद पाहिली, सूत्र पाहिलं, मिसळलेले खोटे आकडे पाहिले. चूक सापडली असती तर तिला हायसं वाटलं असतं. चूक नव्हती. तीन महिने लोक खरोखरच कोसरीला गेले नव्हते.

मग तिनं थोरल्या बहिणीला फोन लावला. सुवर्णा कोसरीच्या बाजारात तिखट-मसाला विकायची. आधी आई बसायची त्याच जागी.

"ताई, बाजाराचं काय झालं गं?"

"कोणत्या बाजाराचं? आमच्या? तो तं दसऱ्यापासून बंद हाय."

"बंद? मला का नाही सांगितलंस?"

"तुले सांगून काय करू? तू येऊन झाडणार होतीस काय?" सुवर्णा हसली, पण हसण्यात राग होता. "सिमेंटचे ओटे बांधतो म्हणे. तवरोक या बाजूच्यानं धानोऱ्याले जा, त्या बाजूच्यानं वारखेडले जा. दवंडी देल्ली, पोलीस उभे केले. अन् ओटा तं एक नाई बांधला, माय."

"मी मंगळवारी येते."

"ये. पाहून जाय तुमचं सरकार."

मंगळवारी तृप्ती कोसरीला पोचली तेव्हा बाजाराच्या मैदानात एक गिट्टीचा ढीग आणि एक फलक होता. फलकावर दोन आमदारांचे फोटो शेजारी शेजारी होते. धानोऱ्याचे आमदार सत्ताधारी, वारखेडचे विरोधी. प्रचारात ते एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायचे. इथे हात जोडून, एकाच मापाचं हसू आणून उभे होते. खाली लिहिलं होतं, पंचायत समितीच्या एकमतानं.

सुवर्णा गोण्या ई-रिक्षात चढवत होती. आणखी तीन बायका आधीच बसल्या होत्या, मधोमध लसणाची पोती.

"हे माही लहान बहीण," सुवर्णानं ओळख करून दिली. "हिच्याच यंत्रानं आपल्याले धानोरा दाखवला."

"अशी काय!" एक म्हातारी म्हणाली. "बाई, तुह्या यंत्राले सांग, धानोऱ्यात मुतारी बी दाखव म्हणा."

रिक्षात हसू फुटलं. तृप्तीही हसली.

धानोऱ्यात त्यांना बाजारात जागाच नव्हती. तिथल्या दुकानदारांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. कोसरीच्या बायका नालीच्या कडेला बसत. सुवर्णानं फडकं अंथरलं, मिरचीची पूड, धणे, हळद मांडली आणि माश्या वारत बसली. गिऱ्हाईक तासात दोन.

"अन् शेवंता?" तृप्तीनं विचारलं. शेवंता ही पश्चिमेकडच्या भोशाची, सुवर्णाच्या शेजारी बसून वीस वर्षं कांदे-लसूण विकणारी.

"ते वारखेडले जाते. तिचं तोंड पाह्यलं नाई दसऱ्यापासून." सुवर्णा तागडीची साखळी सरळ करत म्हणाली. "तुले माईत हाय, ते टाकीचं आमाले कसं समजलं होतं?"

टाकीची गोष्ट तृप्तीला माहीत होती, सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. मागच्या निवडणुकीआधी आमदारानं कोसरीच्या पूर्वेच्या एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन केलं आणि पश्चिमेच्या एका गावालाही तुमची टाकी झाली असं सांगितलं. दोन्ही गावांच्या नावावर एकाच टाकीचा फोटो लागला होता, टाकी एकाच गावात होती. शेवंताच्या आणि सुवर्णाच्या दुकानांपुढे उभ्या राहिलेल्या दोन गिऱ्हाइकांनी ते बोलता बोलता ताडलं. दुसऱ्या मंगळवारी सगळ्या बाजाराला कळलं. आमदार पडला. त्याच्या आधीचाही पडला होता, रस्त्यावरून. त्याच्या आधीचा शाळेच्या छतावरून. कोसरीनं पाच निवडणुकांत पाच वेळा आमदार बदलला होता, कधी या पक्षाचा, कधी त्या.

"आता टाकी कोणाची कोणाले समजन?" सुवर्णा म्हणाली. "आमी हिकडं, ते तिकडं."

तृप्ती नालीच्या कठड्यावर बसून राहिली. तिला जे कळत होतं ते इतकं साधं होतं की आधी न सुचल्याची लाज वाटावी. यंत्राला कुणी हात लावला नव्हता. हात लावायची गरजच नव्हती. यंत्र जे मोजणार ते कधी आणि कसं मोजणार, हे तिनंच वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी बाजारच उचलून नेला होता.

"ताई," ती म्हणाली, "हा बाजार ओट्यांसाठी नाही बंद झाला." आणि तिनं सगळं समजावून सांगितलं: मोजणीत बाजार दिसला नाही म्हणून गट तुटला, आता कोसरीची अर्धी मतं धानोऱ्याच्या ठरलेल्या मतांत बुडणार, अर्धी वारखेडच्या.

सुवर्णानं ऐकता ऐकता एका गिऱ्हाइकाला धणे मोजून दिले. मग म्हणाली, "म्हंजे एकाले धानोऱ्याची गॅरंटी, एकाले वारखेडची. अन् आमाले ही नाली."

"हो."

"मंग तू काय करतं?"

"बघते."

"पाहून काय रायली! तुह्यापाशी जुनी मोजणी हाय ना? दोन वर्षांआधीची? तेच टाकून दे यंत्रात. कोणाले समजते?"

हे तृप्तीच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. यंत्राच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. जुना ओघ नव्याच्या जागी ठेवायला काही क्षण पुरले असते आणि कोसरी पुन्हा एक झाली असती.

"नाही टाकणार."

"काहून?"

"मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? आज मी कोसरीसाठी टाकीन, उद्या माझ्या खुर्चीवर बसलेला दुसरा कुणी आपल्या आमदारासाठी टाकेल."

"माय व माय!" सुवर्णा मोठ्यानं म्हणाली. नालीकडेच्या बायका वळून बघू लागल्या. "त्याईनं पुरा बाजार चोरला तं चाललं, अन् तुले आकडा हालवाले लाज वाटते! मोठी आली सत्यवादी! जाय, नागपूरले जाय, एसीत बस!"

तृप्ती उठली. जाताना सुवर्णानं नेहमीप्रमाणे तिच्या हातात तिखटाची पुडी दिली नाही.

नागपूरला आल्यावर तिनं आणखी एक तपासणी केली, जी करण्याचा अधिकार तिला होता आणि जी तिला आधीच सुचायला हवी होती. मोजणीच्या तीन महिन्यांत राज्यात कुठले बाजार हलले, बंद झाले किंवा त्यांचा दिवस बदलला, हे तिनं यंत्राला विचारलं. एकेचाळीस बाजार निघाले. कुठे ओटे, कुठे गटार, कुठे जनावरांच्या रोगाची भीती. मग तिनं त्या बाजारांशेजारी गेल्या निवडणुकांचे निकाल मांडले, जे यंत्राला कधी दाखवले नव्हते.

एकेचाळीसही बाजार असे होते जिथले लोक आमदार बदलत. ज्या गावांत निकाल ठरलेला असायचा, तिथला एकही बाजार जागचा हलला नव्हता. बाजार हलवण्याचा ठराव कुठे सत्ताधाऱ्यांनी मांडला होता, कुठे विरोधकांनी. अनुमोदन दर वेळी दुसऱ्या बाजूचं.

तिनं दार लावून घेतलं. हजारो बायका टोपल्या डोक्यावर घेऊन चुकीच्या गावाला पायी गेल्या होत्या, म्हाताऱ्यांचे बाजार सुटले होते, पोरीबाळींच्या सोयरिकी अडल्या होत्या, आणि हे सगळं कशासाठी? मूठभर माणसं जन्मभर आमदार राहावीत म्हणून. त्यांच्यात भांडण होतं ते फक्त टीव्हीवर.

डहाके आणि मोहोड दोघं जेवणाच्या सुटीत एकाच टेबलावर सावजीचा रस्सा ओरपत होते. तृप्ती समोर जाऊन बसली आणि तिनं एकेचाळीस बाजारांची गोष्ट सांगितली.

डहाकेंनी भाकरी मोडली. "मॅडम, यंत्रात कोणी बोट घातलं का?"

"नाही."

"झालं तर मग. नियम तुमचा, मोजणी तुमची. आम्ही फक्त गावात ओटे बांधून राहिलो."

"ओटे बांधले कुठे?"

"बांधू ना. निधी यायचाय."

मोहोड वकील होते, शांत बोलायचे. "बघा, हे मंडळ कशासाठी स्थापन झालं? एका बाजूनं दुसऱ्या बाजूवर अन्याय करू नये म्हणून. आज एका तरी पक्षाची तक्रार आहे का? दोन्ही बाजू समाधानी आहेत. लोकशाहीत हे रोज घडत नाही."

"दोन्ही बाजू म्हणजे तुम्ही. मतदारांचं काय?"

"ते कुठे मंडळावर आहेत?" डहाके म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हात पुसून पुढे झुकले. "तुमच्या त्या कोसरीचं सांगू का? तिथला माणूस कशावरून रागवेल काही नेम नाही. रस्ता द्या, पाडतात. रस्ता नका देऊ, पाडतात. पाच वर्षं झोप नाही लागत माणसाला."

"ती लागू नये म्हणूनच निवडणूक असते, भाऊराव."

मोहोडांनी पाण्याचा पेला सरकवला. "तुमचं माहेर कोसरी ना, मॅडम? बहीण बाजारात बसते. उद्या पेपरात आलं, सचिवबाईंनी माहेरासाठी सगळ्या राज्याचा नकाशा अडवला, तर कसं दिसेल? आम्ही नाही हो छापणार. पण लोक छापतात."

"तुम्ही तारखा गुप्त ठेवायला हव्या होत्या," डहाके उठता उठता म्हणाले. "आम्हाला तरी कुठं सुचलं असतं? तुम्हीच गावोगाव सांगत फिरल्या."

यातलं शेवटचं वाक्य तिला सर्वांत लागलं, कारण ते खरं होतं.

ती न्यायमूर्ती देवपुजारींकडे गेली. कोरडा माणूस. दोन वर्षांत तिनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"मोजणीच्या काळात बाजार हलवू नये, असं नियमात कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग मी काय करू? नियमात नाही ते मी वाचू शकत नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते प्रमाणपत्राच्या वेळी लेखी म्हणा." त्यांनी चष्मा घातला आणि पुढचा कागद ओढला.

ती परत आली ती आणखी भडकून. या माणसाच्या नाकाखालून राज्य चोरीला जात होतं आणि तो कलम शोधत होता.

सोमवारी मंडळाची शेवटची बैठक झाली. पत्रकार होते, पेढ्यांचा नवा पुडा होता. देवपुजारींनी एकसुरी आवाजात विचारलं, "तांत्रिक सचिव प्रमाणपत्र देत आहेत का?"

तृप्ती उभी राहिली. "नाही."

मागच्या रांगेतल्या पत्रकारांनी कॅमेरे तिच्याकडे वळवले.

"आधी एक सांगते. माझं माहेर कोसरी आहे. माझी बहीण तिथे तिखट विकते. हे माझ्याकडूनच ऐका, म्हणजे उद्या कुणाला शोधून काढल्याचं श्रेय नको. माझा स्वार्थ आहे म्हणून कोसरी बाजूला ठेवा. उरतात चाळीस बाजार. त्यातल्या एकाही गावात माझं कुणी नाही." आणि तिनं एकेक नाव वाचलं. बाजार, दिलेलं कारण, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं. पहिल्या दहा नावांपर्यंत सदस्य एकमेकांकडे बघत होते. विसाव्या नावाला मोहोड उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, हे राजकीय भाषण आहे!"

"मी ठराव वाचते आहे," तृप्ती म्हणाली. "भाषण तुम्ही लिहिलेलं आहे."

तिनं चाळीसही नावं वाचली. खाली बसताना ती म्हणाली, "मोजणीत ढवळाढवळ झाली नाही असं मला लिहून द्यायचंय. ढवळाढवळ झाली आहे. यंत्रात नाही, माणसांत. मी सही करणार नाही."

डहाकेंनी टेबलावर हात आपटला. "मग सचिव बदला! दुसरा सही करेल!"

सहा हात वर गेले. पुन्हा एकमत. तृप्तीला सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा ठराव मंजूर झाला.

देवपुजारींनी ठराव नोंदवून घेतला. मग त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्याच कोरड्या आवाजात वाचू लागले. तांत्रिक सचिवानं कारणं देऊन लेखी वा तोंडी प्रमाणपत्र नाकारल्यास, ते नाकारणं त्या क्षणापासून लागू होईल. त्यानंतर सचिव बदलल्यानं ते मागे घेतलं जाणार नाही. पुढच्या सहा महिन्यांतले कुठलेही चार आठवडे यंत्र स्वतः निवडेल आणि नव्यानं मोजणी करेल. ते आठवडे मंडळाला, सचिवाला किंवा अध्यक्षाला कळवले जाणार नाहीत.

"हे कलम कधी आलं?" मोहोडांनी विचारलं. त्यांचा आवाज प्रथमच चढला होता.

"पहिल्या मसुद्यापासून आहे. मीच घातलं होतं," देवपुजारी म्हणाले. "आपण सर्वांनी न वाचता सही केलीत." आणि त्यांनी बैठक संपवली.

तृप्ती त्यांच्या मागोमाग बाहेर आली. "सर, त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या सांगण्यावरून नकार दिला असता," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेली. सुवर्णाचा फोन आला. धानोऱ्यानंतर पहिल्यांदाच.

"तृप्ते, टीव्हीवर पाह्यलं. बोलली बरं." मग म्हणाली, "आता हे सांग, ते चार मंगळवार कोन्ते?"

"मला माहीत नाही, ताई."

"मले सांग. कोणाले नाई सांगत मी."

"अगं खरंच माहीत नाही. यंत्रानं निवडलेत, त्यालाच माहीत. मला त्याच्याजवळ जाऊही देत नाहीत आता."

"चारच दिवस बसाचं हाय. बायका रोजी सोडून येतील, पोलीस येतील, दंड लावतील. तारीख समजली तं बरं होते. तुह्या सख्ख्या बहिणीले नाई सांगत?"

"माहीत असतं तरी नसतं सांगितलं," तृप्ती म्हणाली. "पण खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

 

"कोणालेच म्हंजे त्या दोघाईले बी नाई?"

"त्यांनाही नाही."

"म्हंजे आमी दर मंगळवारी बसलो," सुवर्णा एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तं त्याईले दर मंगळवारी आमाले उठवाले यावं लागन? सहा महिने?"

"हो."

सुवर्णा खदखदून हसली. तिचं हसणं थांबेना. मग ती कुणाला तरी हाक मारताना ऐकू आली, "अवं, शेवंताले फोन लाव!" आणि फोन बंद झाला.

पुढच्या मंगळवारी सकाळी तृप्ती बसस्टँडला निघाली. दारात थांबली, मोबाइल बंद केला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. कोसरीत तिचा एकही ठिपका मोजला जायला नको होता. तिथे जे कुणी मोजलं जाईल ते कोसरीचंच असायला हवं.

ती पोचली तेव्हा मैदानात गिट्टीचा ढीग पसरून सपाट झाला होता. त्यावर फडकी अंथरलेली होती, मैदानाच्या टोकापर्यंत, आणि पूर्वेच्या रस्त्यानं माणसं येत होती, पश्चिमेच्या रस्त्यानंही. दोन आमदारांच्या फलकाच्या आडोशाला कुणीतरी बकऱ्या बांधल्या होत्या. शेवंता कांद्याच्या ढिगामागे बसून सुवर्णाशी एकदम तीन महिन्यांचं बोलत होती. तृप्ती बहिणीच्या बाजूला गोणीवर टेकली. सुवर्णानं तिच्याकडे न बघता तागडी तिच्या हातात दिली.

पोलिसांची गाडी आली. फौजदार उतरला, नोटीस हातात, मागे चार शिपाई. भोंग्यावरून त्यानं दोनदा मैदान खाली करायला सांगितलं. कुणी उठलं नाही, कुणी उलट बोललंही नाही. सगळे विकत राहिले. शेवटी तो चालत सुवर्णाच्या समोर येऊन उभा राहिला, कारण ती सर्वांत पुढे होती.

"बाई, हा बाजार बंद आहे. उठा."

सुवर्णानं मिरचीच्या पुडीत मूठ घातली आणि वर पाहिलं.

"तिखट कसं देऊ, साहेब? पाव देऊ का अर्धा? अर्धाच न्या. आता दर मंगळवारी याचंच हाय तुमाले."